आधी कुटुंब, मग हिशेब, मग धाव: मदतनिधीचा फिटनेस कार्यक्रम कोणत्या क्रमाने उभारावा

अग्निशमन दलातला जवान, पोलीस, रुग्णवाहिकेवरचा कर्मचारी किंवा बचाव पथकातलं कोणी कामावर असताना प्राणाला मुकलं की जिममध्ये आणि धावणाऱ्यांच्या गटांत लगेच हालचाल सुरू होते. एक जण कुटुंबासाठी निधी उभारायला धावेची किंवा वर्कआउटची तारीख सुचवतो, दुसरा पोस्टर करतो, रात्रीपर्यंत ते सगळीकडे पोहोचतं आणि पैसेही यायला लागतात. तीन-चार दिवसांनी कोणीतरी विचारतं, घरच्यांना हे माहीत आहे का? पैसे नेमके कोणाच्या खात्यात जातायत? तोवर उत्तर बदलणं अवघड झालेलं असतं.

अशा कार्यक्रमांत मेहनत कमी पडत नाही, क्रम चुकतो. म्हणून इथे टप्पे ज्या क्रमाने घ्यायचे त्याच क्रमाने दिले आहेत. एक टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका. मध्यम आकाराच्या कार्यक्रमासाठी १० ते १२ आठवडे हाताशी ठेवा.

"इतका वेळ घेतला तर लोक विसरतील" हा आक्षेप हमखास येतो. पहिल्या काही आठवड्यांत मदतीचे हात बरेच असतात. चार-सहा महिन्यांनी ते कमी होतात आणि घरभाडं, कर्जाचे हप्ते, मुलांची फी मात्र चालूच राहते. थोडा उशिरा झालेला कार्यक्रम कुटुंबाला जास्त उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत आहे.

## टप्पा १: कुटुंबाची परवानगी

थेट फोन करू नका. कुटुंबाशी आधीपासून संबंध असलेला एकच माणूस दुवा म्हणून ठरवा: सोबत काम केलेला सहकारी, पथकाचा प्रमुख किंवा जवळचा नातेवाईक. यापुढचा प्रत्येक निरोप त्याच्याच मार्फत जाईल. पाच जणांनी पाच वेळा "वहिनी, फक्त एक विचारायचं होतं" म्हणून फोन करायचा आणि त्या बाईने दर वेळी तेच सगळं पुन्हा सांगायचं, हे टाळता येतं.

दुव्याने हे प्रश्न एका बैठकीत, घाई न करता विचारावेत:

१. असा कार्यक्रम तुम्हाला हवा आहे का? नको असेल तर तसं सांगा, कोणाला वाईट वाटणार नाही.
२. नाव वापरायचं का? फोटो वापरायचा का? कोणता?
३. घटनेबद्दल काय सांगितलेलं चालेल आणि काय नाही?
४. त्या दिवशी घरचं कोणी येणार आहे का? आलं तर माइकवर बोलायला बोलावलेलं चालेल का, की गर्दीत शांतपणे उभं राहायचंय?
५. कोणती तारीख नकोच आहे? वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस आणि मृत्यूची तारीख, तिन्ही वेगवेगळी विचारा.
६. खरी गरज कशाची आहे?

शेवटच्या प्रश्नाला पहिल्या भेटीत उत्तर मिळतंच असं नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा विचारा.

"कुटुंब" म्हणजे कोण, हेही इथेच स्पष्ट व्हायला हवं. जोडीदार, आई-वडील, पहिल्या लग्नाची मुलं, एकत्र राहणारा पण लग्न न झालेला साथीदार यांच्यात एकमत असेलच असं गृहीत धरू नका. मतभेद दिसले तर त्यात पंच बनू नका. सगळ्यांना मान्य होईल अशी वाटणी लेखी मिळेपर्यंत थांबा, किंवा रक्कम फक्त मुलांच्या शिक्षणापुरती ठेवण्याचा पर्याय पुढे करा. बऱ्याचदा तो सर्वांना पटतो.

ज्या दलात ती व्यक्ती काम करत होती त्या दलालाही याच टप्प्यात कळवा. गणवेश, बोधचिन्ह, गाडी वापरण्याचे त्यांचे नियम असतात आणि बहुतेक दलांचा स्वतःचा कल्याण निधीही असतो.

सावधान: घटनेची चौकशी चालू असेल तर "चूक कोणाची" याबद्दल पोस्टरवर, भाषणात किंवा मुलाखतीत एक शब्दही नको. त्याचा थेट फटका कुटुंबाच्या नुकसानभरपाईच्या दाव्याला बसू शकतो.

तपासा: होकार लेखी आहे का? आणि तो कधीही मागे घेता येईल, हे कुटुंबाला स्पष्ट सांगितलंय का?

## टप्पा २: एका पानाचा ठराव

पैसे घ्यायला सुरुवात करण्याआधी एक पान लिहून काढा आणि त्यावर आयोजकांच्या सह्या घ्या. त्यात पुढच्या गोष्टींची उत्तरं हवीत.

रक्कम कोणाला जाणार, किती हप्त्यांत आणि किती तारखेपर्यंत? कार्यक्रम रद्द झाला तर आलेल्या देणग्यांचं काय? ठरवल्यापेक्षा जास्त जमली तर? लाभार्थी अल्पवयीन असतील तर रक्कम कोणाच्या देखरेखीखाली राहील? कुटुंबाने मध्येच नको म्हटलं तर?

एका कुटुंबाऐवजी अनेक कुटुंबांसाठी निधी उभारणार असाल तर आणखी एक अवघड प्रश्न आहे: "कर्तव्य बजावताना मृत्यू" या व्याख्येत कोण बसतं? आगीत सापडलेला जवान बसतो, यावर वाद नाही. पण बावीस वर्षं धुरात काम करून कर्करोगाने गेलेला? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या कामातला संपर्क हा माणसाला कर्करोग करणारा घटक म्हणून पहिल्या गटात टाकला. म्हणजे ही शंका भावनेची राहिलेली नाही. ड्युटी संपवून घरी पोहोचल्यावर हृदयविकाराने गेलेला बसतो का? मानसिक आघातातून जीव दिलेला? मानधन न घेणारा स्वयंसेवक? तुम्ही काय ठरवता हा तुमचा निर्णय, पण तो आधी ठरवा. एखाद्या विधवेचा अर्ज समोर आल्यावर व्याख्या करायला बसणं म्हणजे तिला तिच्या नवऱ्याचा मृत्यू सिद्ध करायला लावणं आहे.

सावधान: काही ठिकाणी सरकारी मदत उत्पन्न किंवा शिल्लक पाहून मिळते. एकदम मोठी रक्कम खात्यात आली की ती मदत थांबू शकते. वाटप कसं करायचं हे ठरवण्याआधी कर आणि कायदा जाणणाऱ्या माणसाला एकदा विचारा.

## टप्पा ३: पैशाचा मार्ग

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो, आणि दर वेळी कारण एकच: घाईत कोणीतरी स्वतःचं खातं दिलेलं असतं. हेतू शुद्ध असतो. पण त्याच खात्यातून त्याचा किराणा, त्याचे हप्ते जातात, आणि सहा महिन्यांनी कोणती रक्कम कोणाची हे त्यालाही सांगता येत नाही.

क्रम असा ठेवा.

१. शक्य असेल तर आधीच नोंदणीकृत असलेल्या, हिशेब तपासून घेणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली निधी उभारा. नवी संस्था काढण्याची घाई करू नका, त्यात कागदपत्रांतच महिने जातात.

२. फक्त या कामासाठी वेगळं खातं. पैसे काढायला दोन सह्या लागतील, आणि त्या दोन व्यक्ती एकमेकांच्या नात्यातल्या नसतील.

३. ऑनलाइन पैसे घेणारी सेवा निवडताना तीन गोष्टी विचारा: दर व्यवहारामागे किती टक्के कापले जातात, पैसे खात्यात किती दिवसांनी येतात आणि अचानक मोठी रक्कम आली तर ती रोखून धरतात का. तिसरा प्रश्न फार कमी जण विचारतात. नेहमीपेक्षा वेगळी उलाढाल दिसली की अशा सेवा तपासणीसाठी खातं गोठवू शकतात आणि ते बहुधा कार्यक्रमाच्याच आठवड्यात घडतं.

४. नोंदणी शुल्क आणि देणगी यांची नोंद वेगवेगळी ठेवा. शुल्काच्या बदल्यात टी-शर्ट, पाणी, पदक मिळतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी कायदा त्याला देणगी मानत नाही. "पूर्ण रक्कम करमुक्त" असं पोस्टरवर छापून मोकळे झालात तर अडचण देणगीदाराची होते.

५. खर्च आधी प्रायोजकांकडून भागवा. मैदान, टी-शर्ट, वैद्यकीय पथक यांचा खर्च प्रायोजकांनी उचलला, तर "नोंदणीची सगळी रक्कम कुटुंबाला" असं खरं बोलता येतं. ते जमत नसेल तर किती टक्के खर्चाला जाणार हे नोंदणीच्या पानावरच लिहा. लोक खर्चावर रागावत नाहीत, तो नंतर कळला की रागावतात.

कुटुंबाचा खाते क्रमांक पोस्टरवर कधीच छापू नका. तो एकदा पसरला की परत घेता येत नाही, आणि फसवणूक करणारे अशाच पोस्टरच्या शोधात असतात. त्याच फोटोचं, त्याच नावाचं पण वेगळ्या खात्याचं पोस्टर फिरायला वेळ लागत नाही. म्हणून पैसे भरायची अधिकृत लिंक एकच असेल आणि ती दलाच्या किंवा संस्थेच्या पानावर तपासता येईल, अशी सोय करा.

तपासा: स्वतः एक छोटी रक्कम भरून पाहा. पावती आली का? खात्यात किती पोहोचली? नाव बरोबर दिसतंय का?

## टप्पा ४: काय करायचं ते ठरवणं

इथवर आल्यावरच धाव, चाल, सायकल की वर्कआउट याचा विचार करा. निकष एकच: मृत व्यक्तीच्या आईला आणि तिच्या दहा वर्षांच्या नातवाला यात भाग घेता येईल का? उत्तर नाही असेल तर सोबत चालण्याचा पर्याय ठेवाच. ५ किलोमीटरच्या धावेसोबत १ किलोमीटरची चाल ठेवली की नोंदणीही वाढते.

जिममधल्या कार्यक्रमांत नेमकं उलटं होतं. "त्याने जीव दिला, आपण थोडा त्रास सोसू" या भावनेने वर्कआउट जितकं कठीण तितकं चांगलं, असं समजलं जातं. शंभर पुल-अप, दोनशे पुश-अप, तीनशे स्क्वॉट, अंगावर वजनाचं जाकीट. सराव नसलेल्या माणसाने भावनेच्या भरात हे पूर्ण केलं तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर भार येतो. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. लक्षणं एक ते तीन दिवसांनी दिसतात: असह्य दुखणं, सूज आणि गडद तपकिरी लघवी. तोवर कार्यक्रम संपलेला असतो आणि "अंग दुखतंय, व्हायचंच" म्हणून माणूस घरी पडून राहतो. यावर उपाय सोपे आहेत. तीन पातळ्या ठेवा, सांघिक रिले ठेवा, वेळेची मर्यादा घाला. "पूर्ण करणारे" आणि "न करणारे" अशी यादी लावू नका.

जिने चढण्याच्या कार्यक्रमांत वेगळा धोका आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ, कोसळलेल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यांइतके, ११० मजले चढण्याचे कार्यक्रम होतात आणि प्रत्येक जण एकेका जवानाचं नाव घेऊन चढतो. पण एवढी उंच इमारत कुठे मिळते? मग वीस मजल्यांच्या फेऱ्या मारल्या जातात, आणि प्रत्येक फेरीला उतरावंही लागतं. चढताना दम लागतो, पण मांडीच्या स्नायूंना खरी इजा उतरताना होते, आणि थकलेला पायही उतरतानाच घसरतो. म्हणून उतरायला लिफ्ट किंवा वेगळा जिना ठेवा. अग्निशमनाचा पूर्ण पोशाख आणि श्वसनयंत्र मिळून २० किलोच्या वर जातं. तो पोशाख घालून चढायची मुभा फक्त त्याचा रोजचा सराव असलेल्यांनाच द्या.

## टप्पा ५: सुरक्षितता

ज्या कुटुंबाने एक माणूस गमावला त्याच्या नावाच्या कार्यक्रमात दुसरा कोसळला, तर ते ओझंही त्याच कुटुंबावर येतं. इथे काटकसर नको.

१. परवानग्या आणि विमा. रस्ता, मैदान, ध्वनिक्षेपक, गर्दी यांची परवानगी आणि सहभागी व स्वयंसेवकांचा विमा. "माझी जबाबदारी माझी" अशा कागदावर सही घ्या, पण त्याने तुमचा निष्काळजीपणा झाकला जात नाही हे ध्यानात ठेवा.

२. हृदय. हृदय बंद पडल्यावर विजेचा झटका द्यायला जितका उशीर, तितकी वाचण्याची शक्यता घटते, साधारण दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी. झटका देणारं यंत्र, म्हणजे एईडी, मार्गावर कुठूनही तीन मिनिटांत पोहोचेल असं ठेवा. ते कुलूपबंद खोलीत नको. ते घेऊन धावणारा माणूस नावानिशी ठरलेला हवा. छाती दाबण्याचं प्रशिक्षण स्वयंसेवकांना आधीच्या आठवड्यात द्या: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल.

३. उष्णता. अंगाचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस बरळायला, अडखळायला लागला तर तो उष्माघात. नियम असा: आधी थंड करा, मग हलवा. बर्फाच्या पाण्याचा मोठा टब तयार ठेवा आणि कोसळल्यापासून अर्ध्या तासात तापमान खाली आणा. नुसती ओली पट्टी कपाळावर ठेवून रुग्णवाहिकेची वाट पाहण्यात हा अर्धा तास निघून जातो. कार्यक्रम कोणत्या परिस्थितीत रद्द करायचा आणि तो निर्णय कोण घेणार, हेही आधी लिहून ठेवा.

४. पाणी. पाणी मुबलक असू द्या, पण "प्या, प्या" म्हणून मागे लागू नका. प्रमाणाबाहेर पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं प्यावं.

५. सहकारी. एक गट नेहमी नजरेतून सुटतो: त्याच दलातले जवान. ते रात्रपाळी संपवून, न झोपता, थेट मैदानावर येतात आणि मित्रासाठी जीव तोडून धावतात. अमेरिकेत कामावर असताना होणाऱ्या अग्निशमन जवानांच्या मृत्यूंमध्ये अचानक हृदय बंद पडणं हे अनेक वर्षं सर्वात मोठं कारण राहिलं आहे. रात्रपाळी करून आलेल्यांना स्पर्धेऐवजी चालण्याच्या गटात घ्या. त्यांना हे तुम्ही सांगून पटणार नाही, त्यांच्या प्रमुखाकडून सांगा.

तपासा: कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मार्गावरच्या सर्वात दूरच्या जागेवर "माणूस पडला" असा सराव करा. निरोप किती वेळात पोहोचला, एईडी किती वेळात आलं, रुग्णवाहिकेला वाट मोकळी होती का?

## टप्पा ६: जाहीर करणं

आता पोस्टर. त्यावर हवं: कुटुंबाने मान्य केलेला मजकूर, रक्कम कोणाला जाणार, खर्चाचा वाटा, अधिकृत लिंक, चौकशीसाठी आयोजकाचा क्रमांक. कुटुंबाचा क्रमांक आणि पत्ता नको. मुलांचे फोटो आणि शाळेचं नावही नको.

छपाईला देण्याआधी नाव, हुद्दा आणि तारखा घरच्यांकडून अक्षरन् अक्षर तपासून घ्या. निवेदकालाही नावाचा उच्चार त्यांच्याकडूनच शिकवा.

आणि टी-शर्टवर किंवा बिबवर, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदावर, चेहरा छापायचा का, हे खास विचारा. कार्यक्रम संपल्यावर मैदानावर एक चक्कर मारा म्हणजे कळेल: घामाने चुरगळलेली बिबं, पाण्याच्या स्टॉलजवळ पायदळी तुडवलेली, कचऱ्याच्या पिंपात कोंबलेली. त्या प्रत्येकावर आपल्या मुलाचा चेहरा असलेला एखाद्या आईला पाहवेल का? छातीवर नुसतं नाव किंवा दलातला क्रमांक पुरतो. फोटो एकच, मोठा, मंचाजवळ सन्मानाने लावा.

## टप्पा ७: प्रत्यक्ष दिवस

कुटुंबासाठी वेगळी बसण्याची जागा ठेवा, गर्दीच्या वाटेपासून दूर, आणि दुव्याचा माणूस दिवसभर फक्त त्यांच्यासोबत. त्यांना मध्येच निघावंसं वाटलं तर कोणाला न विचारता निघता येईल अशी गाडी जवळ उभी असू द्या. पत्रकारांना त्या जागेपर्यंत जाऊ देऊ नका.

सायरन, बिगुल, वायरलेसवरची शेवटची हाक असे प्रकार कार्यक्रमात असतील तर घरच्यांना आधी सांगा. ते नको म्हणाले तर काढून टाका. सुरुवातीला शांतता पाळायची असेल तर एक मिनिट पुरे. निवेदकाने ते मिनिट घड्याळ लावून पाळावं, वीस सेकंदांत "धन्यवाद" म्हणू नये.

रोख देणगीच्या टेबलावर सतत दोन जण हवेत. पेटीला सील, पावतीपुस्तकाला क्रमांक. मोजणी अशी करा: दोघांनी स्वतंत्र मोजायचं, आपापला आकडा दुसऱ्याला न दाखवता कागदावर लिहायचा आणि मग कागद शेजारी ठेवायचे. जुळले तर रक्कम पाकिटात, पाकीट बंद, आणि दोघांच्या सह्या पाकिटाच्या चिकटवलेल्या जोडावर, म्हणजे उघडलं तर सही फाटेल. जुळले नाहीत तर दोघांनी पुन्हा मोजायचं. "दहा-वीसचा फरक आहे, सोडा" असं म्हणायचं नाही.

सावधान: मोठ्या पुठ्ठ्याचा धनादेश मंचावर देण्याचा कार्यक्रम कुटुंबाने मागितला तरच करा. त्यावरचा आकडा सगळ्या नातेवाइकांना, ओळखीच्यांना आणि अनोळख्यांनाही दिसतो, आणि दुसऱ्या दिवसापासून उसने मागणाऱ्यांचे फोन सुरू होतात.

## टप्पा ८: हिशेब आणि हस्तांतर

१. तीन दिवसांत सहभागींना संदेश: आभार, आणि टप्पा ४ मधली लक्षणं दिसली तर लगेच डॉक्टरकडे जा, ही सूचना. खरं तर हीच सूचना शेवटच्या रेषेवर छापील चिठ्ठीतूनही द्यावी.

२. दोन आठवड्यांत सगळी बिलं चुकती. रद्द झालेले किंवा परत मागितलेले ऑनलाइन व्यवहार यायला वेळ लागतो, म्हणून त्यासाठी थोडी रक्कम राखून ठेवा आणि ती किती, हे हिशेबात दाखवा.

३. तीस दिवसांत रक्कम कुटुंबाला, बँकेमार्फत, पोचपावती घेऊन. त्याच वेळी एक पान कुटुंबाच्या हाती द्या: किती जमली, किती कापली गेली, किती दिली आणि कराच्या वेळी त्यांनी काय सांगायचं.

४. त्यानंतर जाहीर हिशेब. जमा, खर्च, शिल्लक. देणगीदारांची नावं त्यांच्या परवानगीनेच. कुटुंबाला नको असेल तर अंतिम आकडा जाहीर न करता तो संस्थेच्या तपासलेल्या हिशेबात राहू द्या आणि देणगीदारांना फक्त "रक्कम पोहोचली" एवढं कळवा.

५. देणगीची लिंक बंद करा. ही गोष्ट हटकून राहते. वर्षभराने कोणीतरी जुनं पोस्टर पुढे पाठवतं, पैसे येत राहतात आणि त्यांना वाली कोणी नसतो. लिंक बंद केल्याची तारीख त्याच पानावर लिहा, खातं रिकामं करून बंद करा आणि पावत्या, ठराव, कुटुंबाचा लेखी होकार हे सगळं एका फाइलमध्ये घालून संस्थेच्या ताब्यात द्या. फाइल किती वर्षं जपायची हे तिथल्या लेखापालाला विचारून तिच्या पाठीवर लिहून ठेवा.